गुरुजी, राजकारण आणि कायदा



या मालेत मी बहुतेक वेळा लढायांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला राजकारणात कुठवर जाता येतं, कायदा त्याला कुठे अडवतो, आणि ही बंधनं मुळात आली कुठून, हा इतिहास आज बघायचा आहे. निवृत्त फौजी माणूस शिक्षकांच्या नियमांवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. कारण घरातलं आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझे वडील सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत जुन्या पगाराच्या पावत्या होत्या, मुलांनी लिहिलेली पत्रं होती आणि एक पिवळा पडलेला कागद होता. कारणे दाखवा नोटीस. साल १९७७. आणीबाणीनंतरची लोकसभेची निवडणूक. तालुक्याच्या गावी एका पक्षाची जाहीर सभा झाली होती. ‘आपण सदर सभेस उपस्थित असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा,’ असा मजकूर.

त्याच ट्रंकेत माझं एक पत्र निघालं. त्या वेळी मी खडकवासल्याला प्रबोधिनीत कॅडेट होतो, वय अठरा. अण्णांनी नोटिशीबद्दल मला कळवलं असणार, कारण मी उत्तरात लिहिलं होतं, ‘अण्णा, नियम म्हणजे नियम. सरकारी नोकराने राजकारणापासून लांब राहावे. आम्हाला इथे हेच शिकवतात.’ मुलानं बापाला शिस्त शिकवली होती. अण्णांची एक वेतनवाढ काही महिने अडकली, मग त्यांचा खुलासा मान्य झाला आणि प्रकरण मिटलं. पण पुढे आयुष्यभर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही.

खरी गोष्ट अशी, की मी तो नियम तेव्हा वाचलाच नव्हता. निवृत्तीनंतर वाचला, त्याच्या मागचा इतिहासही वाचला. तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

अनुदानाची दोरी

गोष्ट १८५४ पासून सुरू होते. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाकडून शिक्षणाविषयीचा एक लांबलचक खलिता हिंदुस्थानात आला. वूडचा खलिता म्हणून तो ओळखला जातो. प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं असावं, विद्यापीठं काढावीत, आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यावं, अशी त्याची मुख्य कलमं. अनुदानाबरोबर तपासणी आली. शाळा लोकांनी काढायची, पैशाचा काही भाग सरकारनं द्यायचा आणि साहेबानं येऊन शाळा तपासायची.

व्यवस्था चांगलीच होती. तिच्यामुळे गावोगाव शाळा झाल्या. पण मान्यता, अनुदान आणि शिष्यवृत्त्या या तिन्हीची दोरी एकाच हातात गेली. पहिली पन्नास वर्षं त्या दोरीला कुणी जोरात हिसका दिला नाही. तो दिला गेला १९०५ साली, बंगालमध्ये.

दोन परिपत्रकं

१६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशीची चळवळ आधीच पेटली होती. विलायती कापडाच्या दुकानांपुढे निरोधन करायला, मिरवणुका काढायला शाळेतली पोरं पुढे होती. त्याच महिन्यात बंगाल सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांचं परिपत्रक बाहेर पडलं. ते जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून होतं. विद्यार्थ्यांना बहिष्कार आणि निरोधनापासून आवरलं नाही, तर शाळेचं अनुदान बंद होईल, शिष्यवृत्त्यांची सवलत जाईल, विद्यापीठाला मान्यता काढून घ्यायला सांगितलं जाईल, असा त्यात इशारा होता.

त्यातलं एक कलम वाचून मी फौजी असून चमकलो. गडबड होण्याचा धोका वाटला, तर शाळेच्या शिक्षकांना आणि चालकांना विशेष कॉन्स्टेबल म्हणून नेमता येईल, असं त्यात होतं. म्हणजे सकाळी ज्या पोराला गणित शिकवायचं, संध्याकाळी त्याच पोराला चौकात अडवायचं. शिक्षकानं राजकारण करू नये एवढ्यावर हे थांबत नव्हतं. त्यानं सरकारच्या बाजूनं उभं राहावं, अशी ती मागणी होती.

कलकत्त्यात नोव्हेंबरमध्ये परिपत्रकाच्या विरोधात एक संस्थाच स्थापन झाली, तिचं नाव अँटी-सर्क्युलर सोसायटी. रंगपूरला स्वदेशीच्या सभेला गेलेल्या विद्यार्थ्यांना दंड झाला, पालकांनी तो भरायला नकार दिला आणि तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. मार्च १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद उभी राहिली आणि तिच्या कॉलेजात अरविंद घोष प्राचार्य झाले.

पूर्व बंगालचं प्रकरण तर आणखी पुढे गेलं. तिथले लेफ्टनंट गव्हर्नर बॅमफील्ड फुलर यांनी सिराजगंजच्या दोन शाळांची मान्यता काढावी, असा आग्रह कलकत्ता विद्यापीठाकडे धरला. हिंदुस्थान सरकारनं त्यांना तो मागे घ्यायला सांगितलं. फुलर अडून बसले आणि राजीनाम्याची भाषा केली. व्हाइसरॉय मिंटो यांनी तो राजीनामा स्वीकारला. ऑगस्ट १९०६ मध्ये एका प्रांताच्या प्रमुखाला दोन शाळांपायी घरी जावं लागलं.

पण यातून सरकार नरमलं असं समजू नका. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृह सचिव हर्बर्ट रिस्ले यांचं परिपत्रक निघालं आणि जे एका प्रांतापुरतं होतं ते देशभर लागू झालं. शाळकरी मुलांनी राजकीय सभांना जाऊ नये. शिक्षकानं मुलांना अशा सभांना नेलं किंवा राजकीय प्रचारासाठी आपल्या जागेचा वापर केला, तर त्याच्यावर शिस्तीची कारवाई व्हावी. शाळा ऐकत नसेल तर अनुदान आणि मान्यता यांचा विचार व्हावा.

हे रिस्ले म्हणजे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. आज आपल्याकडे जनगणनेची घरोघरची मोजणी मुख्यतः शिक्षकच करतात. शिक्षकाचं तोंड बंद ठेवायचं आणि पाय मात्र सरकारी कामाला लावायचे, ही रीत पुढे किती टिकली ते नंतर येईलच.

मराठी मुलखात याची झळ कोल्हापूरच्या प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांना बसली. त्यांनी काढलेलं समर्थ विद्यालय पुढे तळेगाव दाभाडे इथे गेलं. विजापूरकर राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले आणि १९१० साली सरकारनं ते विद्यालय बंद पाडलं. त्या शाळेला सरकारी अनुदानाची दोरी नव्हती, म्हणून सरळ कुलूप लावावं लागलं.

नोकरी सोडलेले मास्तर

आता तीन शिक्षक बघू. तिघांनी तीन वाटा धरल्या.

पहिले धनपतराय श्रीवास्तव. संयुक्त प्रांतात शिक्षण खात्यात नोकरी, शाळा तपासनिसाचं काम. नवाबराय या नावानं ते उर्दूत लिहायचे. १९०८ च्या सुमारास त्यांचा ‘सोजे वतन’ हा देशप्रेमाच्या कथांचा संग्रह निघाला. हमीरपूरच्या कलेक्टरनं बोलावून घेतलं, उरलेल्या प्रती जाळल्या गेल्या, आणि यापुढे दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही अशी तंबी मिळाली. त्यानंतर त्यांनी नाव बदललं. ते नवं नाव सगळ्या देशाला माहीत आहे, प्रेमचंद. १९२१ च्या फेब्रुवारीत गोरखपूरला गांधीजींची सभा झाली. तेव्हा प्रेमचंद तिथल्या सरकारी नॉर्मल स्कूलमध्ये शिकवत होते. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. वीसएक वर्षांची सरकारी नोकरी, घरात मुलं, आणि पुढची काही सोय नाही.

दुसरे आपले साने गुरुजी. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरण्यापर्यंत सगळं करायचे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी आधी नोकरी सोडली आणि मग सत्याग्रहात उतरले. हा क्रम लक्षात घ्या. वर्गात राहून त्यांना मुलांना चळवळीत ओढता आलं असतं, एवढा त्यांचा मुलांवर प्रभाव होता. ते त्यांनी केलं नाही. पुढे धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. शाळा सुटली, पण शिकणं-शिकवणं सुटलं नाही.

तिसरे सूर्य सेन, चितगावचे मास्टरदा. तेही शिक्षक. त्यांनी १८ एप्रिल १९३० ला चितगावच्या शस्त्रागारावर हल्ला केला. त्यांच्या तुकडीत बरीच शाळा-कॉलेजातली पोरं होती. त्यातली काही चारच दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर लष्कराशी लढताना मारली गेली. मास्टरदांना १९३४ मध्ये फाशी झाली. त्यांच्या शौर्याला मी सैनिक म्हणून मान देतो. पण बाप म्हणून त्या पोरांची वयं वाचली की पुस्तक थोडा वेळ मिटावं लागतं.

या तिघांकडे बघून दोन गोष्टी कळतात. परकीय सरकारला शिक्षकाची भीती का वाटायची, हे कळतं. आणि शिक्षकाच्या शब्दावर मुलं कुठवर जाऊ शकतात, हेही कळतं. पहिली भीती राज्यकर्त्यांची होती. दुसरी काळजी आईबापांची आहे. स्वातंत्र्यानंतर नियम करणाऱ्यांपुढे या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचं काम होतं.

आपलं राज्य, आपले नियम

१९५० मध्ये राज्यघटना आली. कलम १९ नं नागरिकाला बोलण्याचा, जमण्याचा, संघटना करण्याचा हक्क दिला. मग सरकारी नोकराचं काय? केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आज १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे आणि जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. सगळ्यांचा गाभा साधारण एकच.

केंद्राचा नियम ५ सोप्या भाषेत सांगतो. राजकीय पक्षाचा सभासद व्हायचं नाही. राजकीय चळवळीला वर्गणी द्यायची नाही. निवडणुकीत प्रचार करायचा नाही. मत जरूर द्यावं, पण कुणाला दिलं किंवा देणार ते जाहीर करू नये. घरावर, गाडीवर किंवा अंगावर निवडणूक चिन्ह लावलं, तर तोही प्रचारच धरला जाईल. घरातला कुणी कायद्यानं स्थापन झालेल्या सरकारविरुद्ध घातपाती चळवळीत असेल, तर त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न करायचा, आणि ते जमत नसेल तर सरकारला कळवायचं.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३४-अ याहून कडक आहे. सरकारी नोकर उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सरकारी शिक्षकाला विधानसभेला उभं राहायचं असेल, तर लाभाच्या पदाची अट आडवी येते, म्हणून आधी राजीनामा द्यावा लागतो. मायावती दिल्लीत सरकारी शाळेत शिकवत होत्या. पक्षाचं पूर्ण वेळ काम करायचं ठरल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली.

पण सभेला नुसतं ऐकायला गेलं तर? माझ्या अण्णांचा प्रश्न हाच होता. केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १९४९ सालीच याचा खुलासा केला होता. सभा सर्वांना खुली असेल, तिच्यावर बंदी नसेल, आणि नोकरानं भाषण केलं नसेल किंवा आयोजनात ठळक भाग घेतला नसेल, तर केवळ हजर राहणं हा भंग नाही. एकाच पक्षाच्या सभांना सतत जाणं मात्र संशयाला जागा देतं. हा शहाणपणाचा खुलासा आहे. लोकशाहीत मत द्यायचं तर आधी ऐकायला नको का? अण्णांनी खुलाशात जवळपास हेच लिहिलं होतं. ‘मी मतदार आहे. ऐकण्यासाठी गेलो होतो. मंडपाच्या बाहेर सायकल धरून उभा होतो.’ १९४९ चा तो कागद त्यांनी कधी पाहिला नसणार. साध्या विचारानंच ते तिथे पोचले होते. मी मात्र त्यांना नियमाचा धडा दिला होता.

फौजेचा नियम आणि शाळेचा नियम

आता माझ्या पत्रातली चूक कुठे होती ते सांगतो. मी प्रबोधिनीतला नियम अण्णांना लावला होता.

फौजेत राजकारणावर जी बंदी आहे, तिच्यामागे घटनेचं स्वतंत्र कलम आहे, कलम ३३. सैन्याची शिस्त आणि कर्तव्य नीट राहावं म्हणून सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करण्याची मुभा ते संसदेला देतं. त्यावर आधारून १९५० चा आर्मी ॲक्ट आणि १९५४ चे आर्मी रूल्स झाले. त्यातला नियम २० सांगतो की पक्षाच्या सभेला हजरही राहायचं नाही. हजरही नाही, हे शब्द महत्त्वाचे आहेत. तीस-पस्तीस वर्षं मी हे पाळलं आणि त्याचं मला ओझं वाटलं नाही. आमच्या मेसमध्ये राजकारण आणि धर्म हे विषय जेवणाच्या टेबलावर निघत नसत. शेजारी पाकिस्तानात १९५८ साली सेनापती अयूब खान राज्यकर्ते झाले, त्यानंतर त्या देशाचं काय झालं ते आपण पाहतो आहोत. ज्याच्या हाती बंदूक आहे, त्यानं राजकारणाच्या उंबऱ्यावरही उभं राहू नये. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही पटतं.

पण कलम ३३ मध्ये शिक्षक नाही. १९८४ साली पन्नासावी घटनादुरुस्ती झाली, तेव्हा त्या कलमात गुप्तचर संस्था आणि त्यांची दूरसंचार यंत्रणा यांची भर पडली. तेव्हाही शिक्षक आला नाही. त्याचे हक्क कलम १९ खालीच राहिले, आणि त्यांच्यावरचं प्रत्येक बंधन वाजवी आहे की नाही हे न्यायालय तपासू शकतं.

न्यायालयानं ते तपासलंही. १९६२ मध्ये बिहार सरकारच्या नियमाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. नियमात निदर्शनं आणि संप दोन्हींवर सरसकट बंदी होती. न्यायालयानं संपावरची बंदी ठेवली आणि कोणत्याही प्रकारच्या निदर्शनावरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. सरकारी नोकरी पत्करली म्हणून माणूस नागरिक राहत नाही असं होत नाही, हा त्यामागचा विचार.

दुसरा खटला तर थेट एका शिक्षकाचा आहे. मध्य प्रदेशात नगरपालिकेची एक शाळा १९७१ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली. तिथल्या शिक्षकाला सरकारी सेवेत सामावून घेतलं गेलं आणि १९७४ मध्ये काढून टाकलं गेलं. आदेशात कारण नव्हतं, पण मागे पोलिसांचा अहवाल होता की हा गृहस्थ पूर्वी संघ आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घ्यायचा. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारला चांगलंच सुनावलं. जी संघटना बेकायदा नाही, तिच्यात नोकरीपूर्वी भाग घेतला म्हणून माणसाला नोकरी नाकारणं आपल्या घटनेत बसत नाही, असा निकाल दिला. त्या शिक्षकाची विचारसरणी काय होती, हा प्रश्न बाजूला ठेवा. उद्या तो शिक्षक कम्युनिस्ट असता, समाजवादी असता किंवा काँग्रेसचा असता, तरी निकाल हाच लागायला हवा होता. त्यातच त्याची किंमत आहे.

‘राजकीय’ कशाला म्हणायचं, हे पुष्कळदा त्या-त्या वेळचं सरकार ठरवतं, हेही सांगायला हवं. १९६६ मध्ये केंद्रानं आदेश काढला की कर्मचाऱ्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमात-ए-इस्लामी यांच्या कामात भाग घेतला तर नियम ५ लागू होईल. जुलै २०२४ मध्ये त्यातून संघाचा उल्लेख काढण्यात आला. कुणाला पहिला आदेश बरोबर वाटेल, कुणाला दुसरा. नियमाचे शब्द मात्र दोन्ही वेळा तेच होते.

मतदान केंद्रावरचा मास्तर

आता गमतीचा भाग. गमतीचा म्हणतो, पण तो गंभीर आहे.

ज्या शिक्षकानं निवडणुकीपासून लांब राहायचं, त्याच्याशिवाय या देशात निवडणूक होत नाही. मतदार यादी तोच करतो, मतदान केंद्राध्यक्ष तोच, बोटाला शाई लावणाराही बहुधा तोच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं कलम २७ मध्ये शिक्षकाला अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हटलं, पण तीन अपवाद ठेवले, जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की मतदार याद्यांचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर घ्यावं.

नव्वदच्या दशकात ईशान्येतल्या एका डोंगराळ भागात मी कंपनी कमांडर होतो. मतदानाच्या आदल्या दिवशी एक पथक आमच्या तळावर मुक्कामाला आलं. केंद्राध्यक्ष होते तिथल्या सरकारी शाळेचे मास्तर, पन्नाशीचे, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. मतपेटी त्यांनी रात्रभर उशाशी ठेवली. माझ्या जवानानं सांगितलं, आमचा पहारा आहे, तुम्ही झोपा. ते म्हणाले, पहारा तुमचा, पण सही माझी आहे. सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, ‘साहेब, तुमची मतपत्रिका आली का पोस्टानं?’ मी म्हटलं, अजून नाही. तुमची? ‘माझीही नाही.’ आम्ही दोघंही हसलो. एक निवडणूक वाहून नेत होता, दुसरा तिला पहारा देत होता, आणि दोघांचीही मतं वाटेत कुठेतरी अडकली होती.

त्या मास्तरांचं राजकीय मत काय होतं, मला माहीत नाही. काहीतरी असणारच. त्यांच्यावर सगळ्या उमेदवारांचा भरवसा होता, कारण ते मत त्यांनी खांद्यावर लावून मिरवलं नव्हतं. नियम ५ चा मला पटणारा अर्थ त्या दिवशी मी पाहिला.

आपल्या घटनेनं शिक्षकाला राजकारणातून पूर्ण बाहेर काढलेलंही नाही. कलम १७१ नुसार विधान परिषदेच्या साधारण एक बारांश जागा शिक्षक निवडून देतात. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत अशा ७ जागा आहेत. मतदार शिक्षक हवा, उमेदवार शिक्षकच असला पाहिजे असं नाही. आणि मतदार शिक्षक म्हणजे माध्यमिक शाळेच्या खालचा चालत नाही. त्यामुळे चौथीपर्यंत शिकवणाऱ्या अण्णांना शिक्षक म्हणून हे मत कधीच मिळालं नाही. नियम सगळे लागू, मतदारसंघ मात्र नाही.

नियम कुणासाठी?

दुसरी बाजूही न्यायानं मांडली पाहिजे. खेड्यात हा नियम शिक्षकाची ढाल असतो. अण्णांचं अक्षर सुंदर होतं. दर निवडणुकीला भिंती रंगवायला त्यांना बोलावणं यायचं, कधी या गटाचं, कधी त्या गटाचं. ‘नियमात बसत नाही हो,’ एवढं म्हणून ते सुटायचे. जिल्हा परिषद म्हणजे पुढाऱ्यांच्या हातातली संस्था. बदली कुठे होईल याची टांगती तलवार. नियम नसता तर नाही म्हणणं अवघड गेलं असतं. ज्यांना नियम काढून टाकावा असं वाटतं, त्यांनी या गुरुजींचा विचार करावा.

आणि वर्गातलं मूल. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत बसावंच लागतं. सभेतला श्रोता उठून जाऊ शकतो, बाकावरचं मूल जाऊ शकत नाही. त्याचा बाप कोणत्या पक्षाचा आहे यावर त्याचे मार्क ठरू नयेत. वर्गात पक्ष आणू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण त्याच शिक्षकानं नागरिकशास्त्र शिकवायचं असतं. मूलभूत हक्क, मतदान, विरोधी पक्षाचं काम, सगळं त्यानंच समजावायचं. ज्याला स्वतः सभेच्या कडेला सायकल धरून उभं राहायची भीती वाटते, तो मुलांना मोकळेपणानं प्रश्न विचारायला कसा शिकवणार?

म्हणून माझं मत असं झालं आहे. १९०७ च्या परिपत्रकाला सरकारचा बचाव करायचा होता. प्रजासत्ताकाच्या नियमाला मुलाचा आणि मतपेटीचा बचाव करायचा आहे. दोन्हींचे शब्द जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे साहेबाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हा फरक विसरायला वेळ लागत नाही. शिक्षकाला नोटीस काढण्याआधी त्यानं दोनच प्रश्न विचारावेत. यामुळे एखाद्या मुलाचं नुकसान झालं का? निवडणुकीच्या निःपक्षपातीपणाला धक्का लागला का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर तो कागद फाइलीतच राहू द्यावा. हल्ली सभेची जागा मोबाइलनं घेतली आहे. स्टेटसवर पक्षाचं चिन्ह लावणं आणि बातमी वाचून दोन ओळींचं मत मांडणं, यांत फरक आहे. हे दोन प्रश्न तिथेही उपयोगी पडतील.

अण्णांची नोटीस आणि माझं पत्र आता एकाच पाकिटात ठेवलं आहे. खडकवासल्याच्या त्या पोराला पुन्हा उत्तर लिहायची संधी मिळाली असती, तर त्यानं एवढंच लिहायला हवं होतं, ‘अण्णा, सभेत काय झालं ते सविस्तर कळवा. आम्हाला इथे जाता येत नाही.’

पुढच्या भागात पुन्हा रणांगणावर भेटू. जय हिंद.